न झाडलेली खोली

जालन्याहून परत येऊन तीन आठवडे झाले, तरी अपूर्व स्वतःची खोली कुणाला झाडू देत नव्हता. शेवटी त्याच्या आईने मला फोन केला. "अंतरा, तिकडे झालं तरी काय?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजने अपूर्वला आणि मला पुण्याहून तिकडे धाडलं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं पाणी भरायचं, औषधं आणायची, घर आवरून द्यायचं. आमच्या टीशर्टवर 'सेवा' असं छापलेलं होतं, त्याचाच मला पहिल्या दिवसापासून राग. छातीवर लिहून कुणी सेवा करतं का?

आमच्या वाट्याला जयवंताबाई आल्या. मूळच्या हसनाबादकडच्या. मेंढरं विकली, नवरा गेला, तेव्हा मुलाला घेऊन त्या नवीन जालन्यात आल्या आणि गोदामात बियाणं निवडायच्या कामाला लागल्या. पुढे गुडघे गेले आणि कामही सुटलं. जीभ मात्र शाबूत होती. "तुला भाकर येत न्हाई, अन् सेवा करून राह्यली व्हय?" असं त्या मला म्हणाल्या आणि आमची गट्टी जमली.

घर दोन खोल्यांचं. बाहेरची लख्ख, आतलीला कायम पडदा. त्या पडद्याजवळून जाताना त्या आवाज कमी करायच्या, जणू आत कुणी झोपलंय. एके सकाळी मी त्यांना दवाखान्यात नेलं. मागे राहिलेल्या अपूर्वने मोठ्या मायेने आतली खोली झाडून पुसून काढली. परत आल्यावर ओली फरशी पाहून जयवंताबाई उंबऱ्यातच बसल्या.

त्यांचा मुलगा पप्पू चार वर्षांपूर्वी याच खोलीतून बॅग उचलून हैदराबादला कामाला गेला होता. माणूस गावाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत मागे झाडू लावायचा नाही, ही त्यांची रीत. पप्पू पोचल्याचा फोन आलाच नाही. पोलिसांत सांगून झालं, नातेवाइकांनी शोधून झालं. बाहेरची खोली झाडावीच लागली, पण आतली त्यांनी तशीच ठेवली होती.

अपूर्व रडायला लागला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुला काय ठाव, बाळा," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी पडदा काढून ठेवला. त्यानंतर त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही. ती स्वच्छ, रिकामी खोली मला बघवत नसे. खरं सांगायचं तर तिची भीती वाटायची.

निघताना त्या म्हणाल्या, "पोचल्यावर दोघंबी फोन करा. मंगच झाडते." मी त्याच रात्री केला. अपूर्वने केलाच नाही.

काल मी त्याच्या धुळीने भरलेल्या खोलीत बसून त्याला झापत होते, तेवढ्यात जयवंताबाईंचाच फोन आला. "तो पोरगा पोचला का न्हाई, पोरी? घर तसंच पडलंय."

मी वैतागून स्पीकर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"पोचला का, बाळा?"

अपूर्वने फोन दोन्ही हातांत धरला. "नाही मावशी," तो म्हणाला. "अजून नाही पोचलो."

मी त्याच्या हातून फोन घ्यायला निघाले, तेवढ्यात त्यांचा आवाज आला, हलका, पहिल्या दिवसांत पडद्याजवळून जाताना असायचा तसा.

"बरं. मंग झाडत न्हाई. पडदा लावून घेते परत."