पहारेवर बसलेल्या मावशी

कुसगावात मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहतो, त्या मावशींमुळे माझी नोकरी राहिली. हे आधी सांगतो, बाकीचं मागून.

सातवीत शाळा सुटली. लातूरकडून इकडे आलो आणि पर्यटकांची गाडी चालवायला लागलो. गाडी तळेगावच्या मालकांची. भुशीच्या रस्त्यावर एक खड्डा चुकवता आला नाही, आणि पुढून खडखड सुरू झाली. मालक फोनवर म्हणाले, "तूच मोडलीस, तूच जोड. उद्या सकाळी येतो. आवाज आला तर किल्ली दे आणि गावाला जा."

अंगणात गाडी जॅकवर चढवली. चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात, म्हणजे लोअर आर्म, वाकला होता. जुना निघाला, नवा बसेना. त्याच्या टोकाची खुंटी चाकामागच्या भोकात जायला आर्म खाली दाबून धरावा लागतो, आणि तो तर सारखा वर उसळत होता. आर्म दाबू की भोक जुळवू? सहा वेळा केलं. बोटाचं सालटं निघालं. शेवटी पाना आपटला आणि भिंतीला टेकून बसलो. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

मावशी पडवीत तांदूळ निवडत होत्या. "काय रं, गाडीवर रुसलास व्हय?"

"दाबायला जोर कमी पडतोय, मावशी."

"मंग सांगायचं की! माझं वजन त्या डॉक्टरला लय खुपतंय. तुला तरी कामी येऊ दे."

गोठ्यातली पहार त्यांनीच ओढत आणली. मी तिचं टोक गाडीच्या सांगाड्याखाली अडकवलं, मधला भाग आर्मवर टेकवला. दुसऱ्या टोकावर मावशी बसल्या. आर्म निमूट खाली गेला, पण आता भोक जुळवायची माझीच घाई व्हायला लागली. खुंटी चुकली. पुन्हा चुकली.

"अरं, घाई कशापायी? मी बसलीय न्हवं!"

त्यांचा गुडघा आधीच दुखरा. चेहरा कसनुसा झाला, पण उठल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला खुंटी भोकासमोर आली. "आता हळू उठा," म्हणालो. आर्म वर आला आणि खुंटी खट्कन आत बसली.

सकाळी मालकांनी गाडी भुशीपर्यंत फिरवून आणली. खड्ड्यावरून चार शब्द सुनावले आणि किल्ली माझ्याकडे टाकली. सांगायला गेलो तर मावशी गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"ऱ्हायली नोकरी?"

"राहिली."

"मंग जा, आंगूळ कर. लय वास येतोय."

त्यांचं माहेर पवनेकडं. एसटी फाट्यावरच सोडते, पुढं त्या गुडघ्याने पायी जाववत नाही म्हणून कित्येक वर्षांत त्या गेलेल्या नाहीत, आणि मालकांच्या गाडीत घरचं माणूस बसवायची मला मुभा नाही. ज्या दिवशी स्वतःची गाडी घेईन, जुनी का होईना, त्या दिवशी मावशींना पुढच्या सीटवर बसवून थेट माहेरच्या दारात उतरवीन.