काचेवर न दिसलेलं

मंगळवारी दुपारी अंकुशच्या यकृतातून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. टीबी होता. सात आठवड्यांनी अंकुश गेला.

अंकुश माझा शाळेपासूनचा मित्र. मी मास्तर झालो, तो सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. बावीस वर्षं लोकांचा बेडका काचेवर पसरून, रंग देऊन तो टीबीचे जंतू शोधत राहिला. त्यामुळे दिवाळीनंतर त्याला संध्याकाळचा ताप येऊ लागला, तेव्हा त्यानं स्वतःचाच बेडका तपासला. एकदा नाही, तीनदा. "साफ हाय बे," तो म्हणाला, "टीबी असता तर माझ्या नजरेतून सुटला असता का?" छातीचा फोटोही चांगला आला. मग टायफॉइडची औषधं झाली, काविळीची झाली. वजन उतरत गेलं. उजव्या बरगडीखाली हात दाबून धरत तो कामाला जायचा. शेवटी सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले आणि घरात कॅन्सर हा शब्द आला. म्हणून सुई घालून तुकडा काढला होता.

रिपोर्ट कळल्यावर वहिनींनी देवापुढं साखर ठेवली. "नुसता टीबी हाय भाऊजी, गोळ्यांनी जातोय!" अंकुश भिंतीकडं तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "सोजरबाई आठवती का तुला?"

मी तिला पाहिलं नव्हतं, पण किस्सा पाठ होता. लिंबागणेशजवळच्या वस्तीवरची ऊसतोड करणारी बाई. गेल्या पावसाळ्यात ताप आणि पोटदुखी घेऊन आली. अंकुशनं तिसऱ्यांदा बेडका मागितला तेव्हा म्हणाली, "माझा बेडका लई आवडला दिसतोय बाबा तुला!" हे सांगताना अंकुश पोट धरून हसायचा. आज हसला नाही. "तिलाबी इथंच दुखत होतं," तो बरगडीखाली हात ठेवून म्हणाला. "डोळेबी पिवळे होते. कागदावर मी लिहिलं, या बेडक्यात जंतू दिसले न्हाईत. तेवढंच माझं काम. यकृतातला टीबी बेडक्यात कुठनं दिसणार? पण तोंडानं काय सांगितलं? मावशे, तुला टीबी न्हाई, बिनघोर जा. हे मला कुणी सांगायला सांगितलं होतं?"

सोजरबाईला शोधायचं काम त्यानं माझ्याकडं दिलं. "बेडका पुन्हा देत बसू नको म्हणावं. पोटाची सोनोग्राफी, मग सुई." तिच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळाला. ती सांगलीकडं उसाच्या फडात होती. "ताप सगळ्यांनाच येतोय गुरुजी," मुकादम म्हणाला. "हंगाम संपून कारखाना बंद झाल्याबिगर कुणी सुटत न्हाई."

इकडे अंकुशच्या थकलेल्या यकृताला टीबीच्याच गोळ्या झेपेनात. डॉक्टरांनी त्या थांबवल्या, मग एकेक करून पुन्हा सुरू केल्या. मी रोज संध्याकाळी जायचो. तो विचारायचा, "आली का?" मी म्हणायचो, "येईल." मुकादमाला मी फक्त चार फोन केले होते. रजा शिल्लक होती, सांगलीची एसटीही होती... गेलो नाही. मित्राजवळ असावं असं वाटत होतं, हे खरं. पण एका अनोळखी बाईसाठी एवढ्या लांब कशाला, असंही वाटत होतं.

शेवटच्या आठवड्यात त्यानं विचारणं बंद केलं.

तेराव्यानंतर मी सांगलीला गेलो. सोजरबाई फडाच्या कडेला बसून होती. काम तिच्यानं होत नव्हतंच. मी अंकुशचं नाव सांगितलं.

"बेडकेवाला? त्यानंच तर न्हाई म्हणून सांगितलं होतं."

"तो चुकला म्हणाला. तुम्हाला पुन्हा तपासायला सांगितलंय त्यानं."

"मग त्यो सोता कावून न्हाई आला?"

मी सांगितलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "थांबा गुरुजी. लुगडं घेती."

तिला टीबीच निघाला. यकृतात, आणि पोटातल्या गाठींतही. आता ती वस्तीवर परत आली आहे. ताप उतरला आहे, पोट अजून दुखतं. गोळ्यांचा पहिला महिना संपला. पाच राहिले आहेत.