हँडिकॅप आणि आमच्या शाळेचा जिना

स्टाफरूममध्ये किस्से कसे साठतात, तर कपाटावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे साठतात तसे. फेकायचं कोणाच्या मनात येत नाही. माझ्याकडचे बरेचसे एकाच शब्दाभोवतीचे आहेत. हसत सांगायला बसतो आणि दुसऱ्या किश्श्यालाच डोकं तापतं. शब्द आहे हँडिकॅप. मी इंग्रजीचा मास्तर, शहापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलचा. तेव्हा माझंच डोकं आधी तापणार.

*

आमच्या शेलार बाई गणिताच्या. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला लोखंडी आधाराचा कॅलिपर. सव्वीस वर्षं किन्हवलीहून एसटीने येतात. एसटीत एक सीट अपंगांसाठी राखीव असते, आणि त्या सीटवर रोज कोणीतरी धट्टाकट्टा बसलेला असतो.

एकदा असाच एक जण उठेना. म्हणाला, "माझा पण गुडघा दुखतो."

बाई दांडा धरून उभ्याच. म्हणाल्या, "मग सर्टिफिकेट काढून घे ना रे. मी येते सोबत. दोन वर्षं हेलपाटे घालावे लागतात, टाइम काढून ठेव."

तो गुपचूप उठला. गुडघा बरा झाला असावा.

*

ते सर्टिफिकेटही एकदा काढून भागत नाही. मधेच फर्मान येतं, फेरतपासणीला या. पाय नव्याने फुटलाय का ते बघायचं असेल! तपासणीची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद.

बाई धापा टाकत पोचल्या. टेबलामागचा साहेब मान वर न करता म्हणाला, "तीन मजले चढून आलात. म्हणजे चालता येतंय की."

"आले नसते तर?"

"गैरहजर लिहिलं असतं."

हे बाईंनी डबा खाताना सांगितलं आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली. मी माझा डबा बंद केला.

*

आता मुख्य भानगड. आमचे मुख्याध्यापक मे महिन्यात रिटायर होणार होते. सेवाज्येष्ठतेने खुर्ची शेलार बाईंची. त्यांच्या खालोखाल नंबर संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याचा, मुरबाडहून मोटरसायकलने येतो तो. आमच्याकडे जुनी चाल आहे. ज्येष्ठ माणूस नको असेल तर त्याच्याकडूनच नकारपत्र लिहून घ्यायचं. 'मला पद नको' असं त्याने स्वतः लिहिलं की कोणाच्या अंगाला काही लागत नाही.

त्या डिसेंबरात अपंग दिनाला अध्यक्षांनी भाषण ठोकलं. "हँडिकॅप म्हणजे काय? हँड म्हणजे हात, कॅप म्हणजे टोपी. हातात टोपी घेऊन भीक मागणारा. अशांवर आपण दया केली पाहिजे." आणि स्टेजवरून शेलार बाईंकडे बघून मान हलवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांना काय, टाळ्या वाजवायला सांगितलेलं असतं.

मी दुसऱ्या तासाला दहावीच्या वर्गात पुस्तक मिटलं आणि खरं काय ते फळ्यावर लिहिलं. भिकेचा काही संबंध नाही. जुन्या काळी इंग्लंडात दोघं जण वस्तूंची अदलाबदल करायचे, फरक किती ते तिसरा माणूस पंच होऊन सांगायचा, आणि सौदा मान्य की नाही ते टोपीत हात घालून ठरायचं. तिथून तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. जो घोडा सगळ्यात जोरात पळतो, त्याच्या पाठीवर पंच जास्तीचं वजन चढवतो. बाकीच्यांना चान्स मिळावा म्हणून. माणसांना तो शब्द लावला तो फार नंतर.

बाई शेजारच्या वर्गात होत्या. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "वजन पळणाऱ्या घोड्यावर टाकतात होय? मग ठीक हाय."

*

एक माझाही गाढवपणा सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर स्वतःला शहाणा समजतो. मुख्याध्यापकांचं ऑफिस वरच्या मजल्यावर, एकवीस पायऱ्या. मी आपला काळजीने म्हणालो, "बाई, दिवसातून दहादा वर-खाली करायचं. कशाला जिवाला त्रास?"

बाई म्हणाल्या, "सर, जिना तुमी बांधायचा नि पाय माझा मोजायचा?"

आठवडाभर मला त्यांच्याकडे चहा मागायचं धाडस झालं नाही. राग आला होता, आणि तो माझाच मला.

*

एप्रिलमध्ये क्लार्क टाइप केलेलं नकारपत्र घेऊन आला. 'माझ्या शारीरिक व्यंगामुळे मी सदर पदाची जबाबदारी पेलू शकत नाही.' खाली बाईंचं नाव, फक्त सही बाकी. अध्यक्षांनी निरोप दिला होता, बाईंच्याच भल्यासाठी आहे.

बाईंनी पेपर तपासायचं लाल पेन काढलं. त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'सिद्धता कुठे आहे? पुन्हा सोडवा.' शेजारी शून्य मार्क. क्लार्कने तो कागद तसाच परत नेऊन दिला. नोकरीत पहिल्यांदाच तो मला आवडला.

*

सही मिळाली नाही, त्यामुळे जूनमध्ये ऑर्डर बाईंच्याच नावाने आली. पहिल्याच दिवशी अध्यक्ष भाच्याला घेऊन हजर. कोणाशी न बोलता दोघं तडक जिना चढून ऑफिसात गेले. बाईंना बोलवायचं, त्यांनी चढायचं, मधल्या पायरीवर थांबायचं, आणि ते सगळ्या शाळेने बघायचं. डाव स्पष्ट होता.

पंधरा मिनिटांनी वरून हाक आली, "बाईंना वर पाठवा."

आमचे शिपाई किसनमामा खाली वाचनालयात गेले. तिथे टेबल मांडलेलं होतं. त्यावर मस्टर, शिक्का, चाव्यांचा जुडगा. सकाळपासून आम्ही सगळ्यांनी तिथेच सह्या केल्या होत्या.

"बाई, साहेब वर बसलेत. बोलावतात."

बाई वेळापत्रक आखत होत्या. पट्टी न उचलता म्हणाल्या, "मामा, वरची खोली कालपासून खेळाच्या सामानाची केलीय. त्यांना इचारून या, व्हॉलीबॉल हवाय का लेझीम?"