स्वखुशीने

“बाही वर कर,” फौजदार म्हणाला.

तालुक्याच्या कचेरीत चौघे पुरुष होते. फौजदार, त्याचे दोन कारकून आणि आमच्या गावचे शेठ. शेठ खुर्चीवर. मी आणि माझी मा उभ्या. मी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जळून आकसलेली. नवऱ्याने तापलेल्या सांडशीने दिलेले डाग. एकावर एक.

फौजदार सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला नाही. त्याने पाहिलं आणि एक खांड तोंडात टाकलं. एक कारकून पुढे वाकला, नीट बघितलं, म्हणाला, “भाजलेलं वांगं.” दुसरा हसला. शेठनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला. डाग जुने होते. त्यांना वास नव्हता. तरी रुमाल लावला.

त्या चघळणाऱ्या तोंडांची किळस आली. अजून येते.

माझं गाव बोर्लीच्या पलीकडे. बाप जहाजावर खलाशी होता, दर्यातच गेला. माझा निकाह शेठनीच जुळवला. मुलगा आपल्याच भागातला, पण त्याच्या घरच्यांचं कराचीत हॉटेल. देशाचे दोन तुकडे होऊन गेले होते. आमच्या घरात ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कराची म्हणजे मुंबईच्या पुढचं बंदर, एवढंच. बोटीत चढले तेव्हा मी सासरी चालले होते. परदेशी चालले हे मला कुणी सांगितलं नाही.

तिकडे काय झालं ते फार सांगत नाही. पहिल्या वेळेला पोटुशी होते तेव्हा त्याने लाथ मारली. मूल गेलं. मी पोलिसांत जाईन म्हटलं तर तो हसला. म्हणाला, जा, मीच सांगतो हिंदुस्थानची हेर आहे म्हणून. आमच्या गल्लीतला एक शिंपी तसा नेला होता. सुटून आला तेव्हा त्याच्या बोटांना सुई धरता येत नव्हती. त्यानंतर मी पोलिसांचं नाव काढलं नाही.

मा आजारी असल्याची खबर आली. नवऱ्याची मावशी इकडे यायची होती, तिच्यासोबत त्याने मला धाडलं. पासपोर्ट त्यानेच काढलेला, पाकिस्तानचा. मावशी परत गेली. मी गेले नाही. इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली आणि मी माझ्या मायच्या घरात परदेशी झाले.

फौजदाराने हुकूम वाचला. मी पाकिस्तानी, मला परत जावं लागेल. मी सांगितलं, मी इथे जन्मले, माझी नाळ इथे पुरलीय. तो म्हणाला, नवरा जिथला तिथली बायको. मी त्याला शिंप्याचं सांगितलं. आता नुसता नवरा मारणार नाही, तिथले पोलीसही मला हेर म्हणून धरतील, हे सांगितलं. हात जोडून, रडत सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते मला जसंच्या तसं आठवतं.

“तिकडे तुझं काय होतं ते आमच्या दप्तरात बसत नाही.”

मग शेठ बोलले. गोड बोलले. घरातली गोष्ट घरात मिटेल, जमातीची इज्जत रस्त्यावर आणू नये, जावयाला मी कळवलंय, तो बंदरावर घ्यायला येईल. म्हणजे मला परत धाडतायत हे त्याला यांनीच कळवलं होतं. आणि ते सांगताना त्यांना वाटत होतं की आपण भलं केलं.

माझी मा खाली बसली. फौजदाराचे पाय धरायला वाकली. त्याने पाय मागे ओढले.

“अगं ए, बुटांना पॉलिश केलंय.”

कारकून पुन्हा हसले. मा तशीच. पदर घसरलेला, पांढरे केस फरशीला लागलेले. तेवढं मी पाहिलं आणि माझं रडणं बंद झालं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच काही चुकतंय, म्हणून मला मार बसतो. त्या फरशीवर ते संपलं. मी तिला दंडाला धरून उठवलं. जोरात. तिला लागलंही असेल.

“मा, यांच्या पायाशी नाय,” मी म्हटलं.

कारकुनाने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, मी स्वखुशीने माझ्या पतीकडे परत जात आहे. मी विचारलं, स्वखुशी कुणाची? सही येत नसेल तर अंगठा चालेल, म्हणाले. सही मला येत होती. मी अंगठा आत घालून मूठ वळली. दाराशी उभ्या हवालदाराने येऊन बोटं सोडवायला बघितली. शाई माझ्या मनगटावर, त्याच्या खाकीवर, टेबलावर. कागदावर नुसता फराटा. शेवटी फौजदार कंटाळला. सही नसली तरी जायचंच आहे, म्हणाला.

दोन दिवसांनी त्याच हवालदाराने मला बैलगाडीतून दिघीला आणलं. होडीने खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरायचं, तिथून मुंबई, मुंबईहून बोट. हवालदार आतल्या गावचा, भातशेतीवाला. वाईट माणूस नव्हता. धक्क्यावर मी खाली बसले तेव्हा तो हळूच म्हणाला, “बाय, ऊठ. माझी नोकरी जाईल.”

“माझा जीव जाईल,” मी म्हटलं. “बांधून न्या. माझ्या पायांनी मी जाणार न्हाय.”

माणसं जमली. एका कोळणीने टोपली खाली ठेवून विचारलं, काय केलंन पोरीनं? हवालदार म्हणाला, पाकिस्तानी हाय.

“ही?” कोळीण म्हणाली. “हिची आय माझ्याकडून म्हावरं घेते.”

मी पुन्हा बाही वर केली. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. कुणी हसलं नाही. हवालदाराने होडीवाल्याला हाक मारली, हिला उचलून आत घाल म्हणाला. होडीवाल्याने सुकाणू सोडलं नाही. म्हणाला, येणाऱ्या माणसाला मी नेतो, हिला मी हात लावणार न्हाय. त्याने होडी सोडली. मी धक्क्यावरच्या चिखलात बसून राहिले.

त्या होडीसाठी दिघीच्या शाळेतले एक मास्तर थांबले होते. हवालदाराने मला परत कचेरीत नेलं, तोवर त्यांनी अलिबागच्या वकिलाला माझी हकिकत कळवली. मुंबईच्या कोर्टाने निकाल लागेपर्यंत मला नेऊ नका म्हटलं. निकाल अजून लागलेला नाही. मा वारली. दर महिन्याला मी कचेरीत हजेरी देते. मी कोण, कुठली, हे दर महिन्याला नव्याने विचारतात. शेठ रस्त्यात भेटले तर सलाम करतात. मी घेत नाही.

काल हजेरीला गेले तर बाकावर एक बाई बसली होती. म्हसळ्याकडची. तिची कथा माझ्यासारखीच, फक्त तिचा नवरा मेलाय आणि दिरांनी तिला तिकडे डांबून ठेवलं होतं. नवा साहेब मला आत बोलावून म्हणाला, तू जुनी आहेस, तिला समजाव, गुपचूप जाऊ दे. तुझ्या केसलाही बरं पडेल.

मी बाहेर येऊन तिच्याजवळ बसले. साहेबाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

“कशावर सही करू नकोस. होडीत पाय ठेवू नकोस.”

साहेब दारात आला. माझी केस बिघडेल म्हणाला. बिघडू दे. उद्या तिला दिघीला नेणार आहेत. मीही धक्क्यावर तिच्याशेजारी बसणार. उचलायचं तर दोघींना उचलावं लागेल.