अजून दोन

त्यांना सगळे 'अजून दोन' म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की अजून दोन. इमारतीच्या काँक्रीटमध्ये सळया किती, केवढ्या जाड आणि कुठे बसवायच्या, हे ठरवणं त्यांचं काम. हिशेब चोख करायचे, खाली रेघ मारायचे आणि मग पेन्सिल हवेत धरून म्हणायचे, "टाका अजून दोन."

याला कारण होतं. नोकरी नवी असताना त्यांच्यादेखत एका पोर्चच्या काँक्रीटला खालून आधार दिलेल्या फळ्या काढल्या आणि मागोमाग पोर्चही खाली आला. माणूस कोणी सापडला नाही, एका सायकलीचा तेवढा निकाल लागला. पोर्च दुसऱ्याचा, सायकल तिसऱ्याची, पण धसका घेतला यांनी. तेव्हापासून ते खांबाला टेकून कधी उभे राहिले नाहीत. घरातही तीच तऱ्हा. कुलपाच्या जोडीला कुलूप, पिशवीच्या आत पिशवी. बायको म्हणायची, "लग्नाला नक्की तयार ना, असं दोनदा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारलं असतंत तर नाही म्हणणार होते."

या बाईंचा संसार भाड्याच्या घरांत चालला होता. भिंतीला भोक पाडायचं नाही, ही प्रत्येक घरमालकाची पहिली अट. त्यामुळे पडदे कायम सुतळीवर, मधोमध पोट सुटलेले. स्वतःचं घर बांधायचं ठरलं तेव्हा तिने मागणी एकच केली, पडद्याला चांगला दांडा हवा. पडदे तर तिने पाया खणायच्या आधीच शिवून ठेवले.

स्वतःचं घर म्हटल्यावर साहेबांना चेवच चढला. बैठकीच्या कोपऱ्यातल्या खांबावर तीन बीम येऊन मिळत होते. हिशेबाने लागत होत्या तेवढ्या सळया त्यांनी मांडल्या आणि मग प्रत्येक बीमच्या टोकाला अजून दोन. काँक्रीट ओतताना जातीने हजर राहिले, माल वर काठोकाठ आलेला पाहिला आणि निवांत चहा प्यायले.

फळ्या काढल्या त्या दिवशी बायको पडद्यांचं गाठोडं घेऊनच आली, मापं ताडून बघायला. साहेबांनी सवयीने हातोडी काढली. लोकांच्या इमारतींत ठोकून ठोकून पोकळ जागा शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोपऱ्यातल्या खांबाच्या डोक्याशी त्यांनी ठोकलं. आवाज ढब आला. पुन्हा ठोकलं तर वरचा पापुद्रा पडला आणि आत सुटी खडी, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी. सळयांची दाटीच अशी झाली होती, की खडी वरच अडकली आणि खाली हवा राहिली.

ठेकेदाराने मान खाजवली. "प्लास्टर मारून टाकतो साहेब. कोणाच्या बापाला कळणार नाही."

साहेबांनी मनात हिशेब केला. तोडायचं म्हणजे बीम टेकूवर घ्यायचे, पुन्हा सगळं ओतायचं, आणि तोवर बायकोच्या नशिबी सुतळीच.

"दुसऱ्या कोणाचं घर असतं तर काय सांगितलं असतंत?" तिने विचारलं.

"तोडा म्हणालो असतो."

"मग माझं घर काय सावत्र आहे?" तिचे डोळे भरले होते. तिने गाठोड्याची गाठ पुन्हा मारली.

खांबाचं डोकं बीमच्या टोकांसकट तोडलं. आता जादा सळया कापून काढा, एवढंच सांगायचं होतं, पण साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. उभ्या जन्मात त्यांनी काही कमी करायला सांगितलं नव्हतं. शेवटी कसंबसं म्हणाले, "काढा दोन." मग कपाळ पुसून, "अजून दोन." आणि तिसऱ्या बीमकडे बघत, "अजून दोन." हसू दाबता दाबता ठेकेदाराला ठसका लागला.

या वेळी हातोडी खणखणीत वाजली. कापलेल्या सळया बायकोने भंगारात जाऊ दिल्या नाहीत, घासूनपुसून रंगवल्या आणि बैठकीच्या खिडक्यांवर पडद्यांचे दांडे म्हणून बसवल्या. त्यांच्यावर हत्ती लोंबकळला असता तरी चाललं असतं.

राहायला आले त्या संध्याकाळी साहेब बराच वेळ मान वर करून त्या दांड्यांकडे बघत होते. "मध्ये आधाराला अजून..."

"बसा खाली," ती म्हणाली.

ते बसले. कोपऱ्यातल्या खांबाला पाठ टेकून बसले.