बंदूक चालेल, असं म्हटलं होतं

"काकू, बाबा गेले," असं सुभानरावांचा मुलगा ट्रंक कॉलवर ओरडून सांगत होता तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. मी "कधी?" एवढंच विचारलं. झोपेतच गेले म्हणाला. फोन ठेवला, उरलेल्या शेंगा मोडल्या आणि मग रडू आलं. सुभानराव माझ्या नात्यातले नव्हते. इथं बहारीनमध्ये दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येणारे साताऱ्याकडचे एक गृहस्थ, एवढंच नातं... पण माहेरच्या कित्येक माणसांची मला इतकी आठवण येत नाही.

आम्ही सत्तरच्या दशकात इथं आलो. आमचे हे रिफायनरीत इंजिनिअर. झिंज नावाच्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत शुक्रवारी सुट्टी म्हणून एकटी राहणारी मराठी माणसं जेवायला यायची, त्यातले सुभानराव पंगत उठली तरी न उठणारे. फौजेत त्यांचं काम बंदुका दुरुस्त करण्याचं होतं. इथं ते मुहर्रक बेटावरच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याची गाडी चालवायचे आणि त्याच्या शिकारीच्या बंदुका सांभाळायचे. मालकाला इकडे अरबाब म्हणतात. हा अरबाब तरुणपणी मोत्यांच्या व्यापारापायी मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी अगदी आपल्या मुंबईची बोलायचा. शिकारीवरून दोघांचं मेतकूट जमलं. वर्षातून एकदा अरबाब विमानानं आफ्रिकेत शिकारीला जायचा आणि सुभानरावांना बरोबर न्यायचा.

मी मटण खाणारी बाई आहे, तेव्हा शिकारीच्या नावानं नाक मुरडायचा मला हक्क नाही. सुभानराव माझ्या हातचं मटण चाटूनपुसून खायचे आणि वर मीठ कमी पडल्याचंही सांगायचे. त्यांचे वडील गावात शिकारी म्हणून नावाजलेले. जवळ ठासणीची बंदूक, म्हणजे एकदा बार उडाला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर पार पलीकडच्या शिवारात. त्यामुळे अगदी जवळ जाऊन, वाट बघून, खात्री झाली तरच चाप ओढायचा. बहुतेक वेळा हात हलवत परत यायचं. आणि जनावर जखमी होऊन पळालंच, तर त्याच्या मागावर जायचं, मग कितीही उशीर होवो. सुभानराव हे सांगताना जेवायचे थांबायचे. अरबाबही असाच हळू हाताचा शिकारी, असं ते कौतुकानं म्हणायचे. गोळी सोडताना तोंडानं बिस्मिल्ला म्हणायचा आणि एका गोळीत काम व्हावं म्हणून तासभर पडून राहायचा.

एका वर्षी अरबाबच्या पुतण्यानं परदेशातून नवी रायफल आणली. फौजेत असते तशीच. काळी, लाकडाचा तुकडासुद्धा नसलेली, चाप ओढत राहावं तशा एकामागून एक गोळ्या सोडणारी. सुभानरावांना ती बेहद्द आवडली होती, हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्या शुक्रवारी आमच्या ताटांवर त्यांनी हवेतच तिचे सगळे भाग सुटे केले आणि परत जोडले. आमच्या ह्यांच्यातला इंजिनिअरही असा रंगला की वरण गार झालं. शिकारीला निघायच्या आधी अरबाबनं मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीत, ती रायफल सुभानरावांच्या हातात दिली आणि विचारलं, "सुभान, ये चलेगा?" सुभानरावांनी खटके तपासले, नळीतून पाहिलं आणि म्हणाले, "चलेगा."

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी ते जेवलेच नाहीत. घडलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मोठाल्या हरणांचा कळप होता. पुतण्यानं गाडीतूनच गोळ्या झाडायला सुरुवात केली. पहिल्या गोळीला अरबाब बिस्मिल्ला म्हणाला, दुसऱ्यालाही म्हणाला, मग त्याचे ओठ हलायचे थांबले. काडतुसंही फौजीच होती. शिकारीची गोळी जनावराच्या अंगात फुलते, त्याला जागीच पाडते. ही आरपार निघून जायची आणि जनावर पळत राहायचं. "किती जनावरांना लागली कुणाला ठावं न्हाई, वहिनी," सुभानराव म्हणाले. ते गाडीतून उतरून मागावर निघाले होते. पण ऊन उतरलं होतं आणि पुतण्या म्हणाला, "खलास, यल्ला," म्हणजे झालं, चला. गाडी वळली. तेव्हा अरबाब त्यांच्याकडे बघून म्हणाला, "सुभान, तूने बोला था, चलेगा." रागानं नव्हे. विचारल्यासारखं म्हणाला.

"मी बंदूक चालंल म्हणालो होतो," सुभानराव आम्हाला सांगत होते. "यंत्र चालंल. खटका अडकणार न्हाई. त्यो विचारत होता, हे करणं चालंल का... आणि मला कळलंच न्हाई."

आमच्या ह्यांनी वाद घातला. यांचं म्हणणं, दोष रायफलचा नाही, भरलेल्या काडतुसांचा आणि धरलेल्या हाताचा. शिकारीची गोळी घालून शांत माणसानं हीच रायफल चालवली, तर ठासणीच्या बंदुकीपेक्षा जनावराचे हाल कमीच होतील. तुमच्या वडिलांच्या बारानं किती डुकरं लंगडत गेली असतील, हेही विचारलं. सुभानरावांनी ते मान्य केलं. मग म्हणाले, "साहेब, फौजेत माणसाला गोळी लागली तर त्याला उचलायला दोघं धावत्यात. जनावराला कोण उचलंल?" यावर हे म्हणाले की तो प्रश्न कुठल्याही बंदुकीला लागू आहे. दोघांचंही मला पटत होतं. दुसरी गोळी हाताशी आहे म्हटल्यावर पहिली सोडताना माणूस तितकासा थांबत नाही, एवढं मात्र मला स्वयंपाकघरातूनही कळत होतं.

पुढच्या वर्षी अरबाबनं त्यांना त्या रायफलीबद्दल पुन्हा तेच विचारलं. या वेळी पुतण्याही मजलिसमध्ये बसला होता. सुभानराव म्हणाले, "नहीं चलेगा." एवढी वर्षं मीठ खाल्लेल्या घरात, सगळ्यांदेखत. धंदा तोवर पुतण्याच्या हातात गेला होता. शिकार ठरल्याप्रमाणे झाली, तीच रायफल नेली, फक्त अरबाब गेला नाही. आणि सुभानरावांचा व्हिसा रिन्यू झाला नाही. विमानतळावर पोचवायला आम्ही गेलो तर अरबाब आधीच तिथं उभा. सुभानरावांचा हात त्यानं दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

त्यांचं काय चुकलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्यांदाच नाही म्हणाले असते तरी पुतण्या थांबला असता, असं मला वाटत नाही. मी तसं त्यांना म्हटलंही होतं. "थांबला नसता," ते म्हणाले. "पर अरबाबनं मला इचारलं होतं." त्या म्हाताऱ्याला कुणाचा तरी आधार हवा होता, आणि तो मागायला तो सुभानरावांकडे आला होता. ती रुखरुख त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

गेल्या महिन्यात आम्ही रजेवर भारतात गेलो तेव्हा मी सुभानरावांच्या गावी जाऊन आले. भिंतीवर फोटो, समोर उदबत्ती, घरात बंदूक नाही की कुठल्या जनावराचं शिंग नाही. सून लाघवी. बोलता बोलता चहाला उठली आणि दारातून म्हणाली, "काकू, म्हस आटलीया, दूध न्हाई. कोरा च्या देऊ का नको? नको असंल तर नको म्हणा. आमच्यात 'चालंल' म्हनायचं न्हाई, बाबा लई रागवायचे. हवं म्हन न्हाईतर नको म्हन, म्हनायचे."

कोरा चहा मला मुळीच आवडत नाही. जन्मभर लोकांच्या घरी मी तो "चालेल, चालेल" म्हणून प्यायले आहे.

"नको गं," मी म्हणाले.

"बरं," म्हणून तिनं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.