ओल्या लाकडाची दारं

साहेबांचे वडील बिस्किटं करायचे. साहेबांना बिस्किटांची लाज वाटायची, म्हणून त्यांनी स्पोर्ट्स कार काढली. आता बिस्किट बिघडलं तर चहात बुडवून खाता येतं, मोटारीचं तसं नसतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

मिस्त्री त्या मोटारींच्या कारखान्यात लागले ते सुतार म्हणून. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांना दारं बसवलेली. पोलादी दारांची यंत्रं महाग, म्हणून साहेबांनी शक्कल काढली: आत लाकडी चौकट, वरून फायबर. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी लाकडाचा वास घेतला आणि सांगितलं की हे ओलं आहे, वर्षभर वाळू द्या. वर्षभर थांबायला आपण काय आमराई लावतोय, असं साहेबांनी विचारलं. वाचलेल्या पैशातून फाटकासमोर कारंजं झालं. आधी कळस, मग पाया! इंजिन मालवाहू टेम्पोचं होतं, आणि दारात लाकूड असल्यानं काचेला उतरायला जागाच नव्हती. ती चार बोटं खाली यायची आणि थांबायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मिस्त्री सकाळी दार तासून बसवायचे. हवा दमट झाली की ते फुगायचं, मग पुन्हा रंधा. एका गाडीचं दार दुसरीला लागत नसे, म्हणून प्रत्येकाच्या आत ते पेन्सिलीनं नंबर घालत.

एकदा दोनशे गाड्या घेऊ म्हणणारा व्यापारी यायचा होता. साहेबांनी मिस्त्रींना आदल्या दिवशीच बजावलं होतं, दिवसाला किती दारं विचारलं तर आठ सांगा. साठ जणांची पोटं त्या आठावर होती. त्यात मिस्त्रींचा मेव्हणाही होता. त्याला रंगखात्यात त्यांनीच चिकटवलेलं, आणि त्याचं लग्नही ठरलेलं.

व्यापाऱ्यानं दार लावलं, उघडलं, खूश झाला आणि नेमकं तेच विचारलं. मिस्त्रींनी आठ म्हणायला तोंड उघडलं. पण तीस वर्षांत गिऱ्हाइकाला खोटं माप सांगितलेलं नव्हतं, जीभ वळेना.

"एक," ते म्हणाले. "आणि हवा दमट झाली की तेच पुन्हा."

व्यापारी कॉफी न पिताच गेला. चार महिन्यांत फाटकाला कुलूप लागलं. गाडी झकास होती, बाजार तयार होता, मिस्त्रीनं बुडवलं, असं साहेब जाईल तिथं सांगत सुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! बाकीच्यांच्या शिव्या मिस्त्रींनी गिळल्या. पण मेव्हण्याचं लग्न मोडलं आणि तो बहिणीच्या घरी यायचा बंद झाला, ते मात्र त्यांना फार लागलं. सुट्टीच्या दिवशी बायको सवयीनं एक ताट जास्त घ्यायची आणि परत ठेवायची. आठ म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं, असं मिस्त्रींच्याही मनात येऊ लागलं.

दीड वर्षानं, एका पावसाळी सुट्टीच्या दुपारी, मेव्हणा दारात उभा राहिला. आत आला नाही.

"दाजी, साहेब गाडीत अडकलेत. चौकात. तास झाला, दोन्ही दारं उघडत नाहीत."

मिस्त्रींनी पिशवी घेतली. साहेबांनी स्वतःसाठी ठेवलेली लाल गाडी चौकाच्या मधोमध, भोवती ही गर्दी, आणि आत घामाघूम साहेब काचेवरच्या चार बोटांच्या फटीला नाक लावून. मिस्त्रींनी दाराच्या फटीत पटाशी सरकवली.

"मिस्त्री," आतून आवाज आला, "त्या दिवशी आठ म्हणाला असतात तर आज कारखाना उभा असता."

मिस्त्री फटीशी वाकले. "असता ना, साहेब. आणि मी दोनशे चौकांत लोकांना असा बाहेर काढत फिरलो असतो."

गर्दी हसली. मेव्हणा हसला नाही. त्यानं पिशवीतून दुसरी पटाशी काढली आणि म्हणाला, "सरका, दाजी. खालून मी लावतो."

दार निघालं. साहेब उतरले, कोट झटकला, आणि लाकूड वाळलं की गाडी फर्स्टक्लास होईल, असं म्हणून रिक्षानं गेले.

घरी मिस्त्रींच्या बायकोनं सवयीनं जास्तीचं ताट घेतलेलंच होतं. भाऊ आत येऊन त्या ताटावर जेवायला बसला, आणि ती म्हणाली, हात धुऊन ये आधी.